भाजीपाल्याच्या शेतावर इंटर्न म्हणून रुजू झालेय, पहिला आठवडा संपला, थोडं मार्गदर्शन हवंय

नवखी_वाफ्यात

नमस्कार मंडळी. गेल्या सोमवारपासून एका भाजीपाल्याच्या शेतावर इंटर्न म्हणून लागलेय. सहा महिन्यांचं ठरलंय, राहणं-जेवण तिथेच आणि थोडं मानधन. याआधी सात वर्षं ऑफिसात खुर्चीवर बसून काम केलं, गॅलरीतल्या चार कुंड्या सोडल्या तर मातीशी संबंध नव्हता. शेत दोनेक एकर असेल, वीस-बावीस प्रकारच्या भाज्या, आम्ही दोघं इंटर्न, कायमची चार माणसं, आणि शेत चालवणाऱ्या ताई.

सहा दिवसांत तीन दिवस खुरपणी, एक दिवस रोपांचे ट्रे भरणे, दोन दिवस सकाळी काढणी आणि नंतर धुणं-निवडणं असं झालं. गुरुवारी माझ्याकडून मोठी चूक झाली. गाजराच्या वाफ्यात खुरपायला बसवलं होतं, रोपं इतकी बारीक होती की मला ती गवतच वाटली आणि मी जवळजवळ दोन मीटर गाजर उपटून टाकलं. ताई ओरडल्या नाहीत, शेजारी बसल्या, एक गाजराचं रोप आणि एक तणाचं रोप माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाल्या बघ नीट. पण रात्री झोप लागली नाही हो.

आता विचारायचंय ते असं की गुडघे आणि कंबर खूप दुखतेय, हे कमी होतं का आणि किती दिवसांनी? बाकीचे लोक अख्खा वाफा संपवतात तेव्हा माझा एक तृतीयांश पण होत नाही, स्पीड कसा वाढवायचा? आणि मुख्य म्हणजे मला शेती *शिकायची* आहे, पुढे स्वतःची करायचीय, पण दिवसभर खुरपत बसून मी शिकतेय का नुसती राबतेय हे मला कळत नाहीये. विचारलं तर आगाऊपणा वाटेल का?

---

बांधावरून

ताई आधी ते गाजराचं मनातून काढा. गाजराची पहिली दोन पानं बारीक, लांबट, गवताच्या पात्यासारखीच असतात, खरं झालरीसारखं पान नंतर येतं, त्यामुळे पहिल्या दोन-तीन आठवड्यांत भलेभले चुकतात. वर गाजर गवताची गंमत अशी की ते मोठं झाल्यावर पानं गाजरासारखी दिसतात म्हणून तर ते नाव पडलं, पण उगवताना त्याची पहिली दोन पानं गोलसर असतात, तिथेच ओळख पटते. आणि शंका आली तर एक पान चुरगाळून वास घ्या, गाजराचा वास लपत नाही. गाजराला उगवायलाच दहा-पंधरा दिवस लागतात, तेवढ्या वेळात तण पुढे निघून जातं, म्हणून सगळ्यात अवघड खुरपणी हीच. पहिल्याच आठवड्यात तिथे बसवायला नको होतं असं माझं मत.

अंगाचं म्हणाल तर दोन ते तीन आठवडे. उकिडवं बसून दिवस काढू नका, एक गुडघा टेकवा, वीस मिनिटांनी बाजू बदला, गुडघ्याखाली जाड गोणपाट नाहीतर फोमचा तुकडा घ्या. कॅरेट उचलताना कमरेतून वाकायचं नाही, खाली बसून मांडीच्या जोरावर उठायचं. आणि खुरपं धारदार ठेवा! बोथट खुरप्याने दुप्पट जोर लागतो आणि तण तुटतं, मूळ तसंच राहतं. रोज सकाळी दोन मिनिटं कानस मारा.

---

एक_हंगाम

मी जरा वेगळं लिहितो, कुणाला कडू वाटलं तर वाटू दे. मी एका शेतावर आठ महिने इंटर्न होतो, नाव घेत नाही. आठ महिन्यांतले साडेपाच महिने मी पॅकिंग शेडमध्ये होतो. भाजी येते, धुवायची, वजन करायचं, पिशवीत भरायची. पेरणी कधी ठरते, खत का दिलं, औषध कुठलं, यातलं काही कुणी सांगितलं नाही आणि मी पण भिडेखातर विचारलं नाही. बाहेर पडलो तेव्हा मला उत्तम पॅकिंग येत होतं. म्हणून सांगतो, आत्ताच विचारा, दुसऱ्या महिन्यात नाही. दिवसाचे तास किती, आठवड्याची सुट्टी कुठली, मानधन कधी, आजारी पडलं तर काय, आणि सहा महिन्यांत मला काय काय शिकवणार, हे एका कागदावर दोघांच्या सहीने असू द्या. यात अविश्वास नाहीये, दोन्ही बाजूंना लक्षात राहतं इतकंच.

आणखी एक, लोक इंटर्न आणि व्हॉलंटियर यात गल्लत करतात. वूफ म्हणून जे जगभर चालतं ते १९७१ साली इंग्लंडमध्ये सू कॉपर्ड या बाईंनी सुरू केलं, त्या शहरात नोकरी करायच्या आणि शनिवार-रविवार सेंद्रिय शेतावर जाऊन हात लावायचा एवढीच मूळ कल्पना होती. तिथे अर्धा दिवस काम आणि बदल्यात राहणं-जेवण, पैशाचा व्यवहार नाही. इंटर्न म्हणजे तुम्ही पूर्ण दिवस देताय, पूर्ण हंगाम देताय. मग शिकवणं हा मोबदल्याचा भाग झाला, तो मागण्यात आगाऊपणा कसला.

---

मातीतला_संसार

@एक_हंगाम, तुमच्याशी जे झालं ते वाईटच. मी स्वतः दरवर्षी दोन इंटर्न घेते म्हणून समोरची बाजू सांगते. पहिले सहा-आठ आठवडे इंटर्न माझा वेळ वाचवत नाही, उलट घेतो, एखाद्या वाफ्याची लागण मी तासात उरकते ती शिकवत केली की अडीच तास. तरी मी हे आवडीने करते, पण काढणीच्या सकाळी सात वाजता कुणी "बोरॉन म्हणजे काय" विचारलं तर मी उत्तर देऊ शकत नाही, तेव्हा भाजी सावलीत पोचवायची घाई असते. म्हणून नवखी, विचार, पण वेळ बघून विचार. आमच्याकडे आठवड्यातून एकदा संध्याकाळी सगळं शेत पायी फिरतो, वाफा वाफा थांबत, आणि मी मोठ्याने विचार करते, म्हणजे हे पाणी कमी पडलंय, इथे फुलकिडे दिसतायत, ही कोबी पुढच्या आठवड्यात निघेल मग इथे काय. इंटर्नने फक्त सोबत चालायचं आणि लिहायचं. तुमच्या ताईंना हे सुचवून बघ, एक तास लागतो, बहुतेक नाही म्हणणार नाहीत.

आणि खुरपणीला राबणं म्हणू नकोस गं. खुरपताना तू प्रत्येक रोपापासून वीतभर अंतरावर असतेस. पानाच्या मागची पांढरी माशी, कोवळ्या शेंड्यावरचा मावा, ड्रिपर बंद पडल्याने मलूल झालेलं एकच रोप, हे सगळं आधी खुरपणाऱ्याला दिसतं. मला शेतातल्या निम्म्या बातम्या खुरपणाऱ्या बायकांकडून मिळतात. फक्त दिसलेलं येऊन सांगायचं, "मला वाटलं तुम्हाला माहीत असेल" असं म्हणून गप्प बसायचं नाही.

---

थर्मामीटर

मी नर्स आहे, वडिलांची शेती, त्यामुळे दोन्ही माहितीय. कुणी तब्येतीचं नीट लिहिलं नाही म्हणून लिहिते.

धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलंय बघा. त्याचे जंतू मातीतच असतात, खुरप्याची खोक, काट्याचं टोचणं एवढं पुरतं. बूस्टर दर दहा वर्षांनी लागतो, आठवत नसेल तर या आठवड्यात घेऊन टाका.

दुसरं ऊन. उन्हाचा त्रास सगळ्यात जास्त नव्या माणसाला आणि तो ही पहिल्या काही दिवसांत होतो, कारण शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. नव्या कामगाराला कडक उन्हात पहिल्या दिवशी साधारण २० टक्केच काम द्यावं आणि रोज तेवढंच वाढवत न्यावं, अशी शिफारस आहे. तहान लागायची वाट न बघता पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्या. गरगरणं, मळमळ, पायात गोळे आले तर काम सोडून सावलीत. आणि कुणी असंबद्ध बोलायला लागला किंवा भान हरपतंय असं वाटलं तर ताबडतोब अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि दवाखाना गाठा, "थोडं पडून राहू दे" म्हणत बसू नका.

गाजर गवत उघड्या हाताने उपटू नका. त्याने काहींच्या अंगावर खाज-पुरळ येतं, एकदा ॲलर्जी बसली की दर वेळी वाढत जाते, फुलावर आलेलं असलं की श्वासाचाही त्रास होतो. भेंडी तोडताना पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे, त्या बारीक लवेने हात दिवसभर चुरचुरतात. टोमॅटोत काम केल्यावर हात हिरवे-काळे होतात त्याला घाबरू नका, झाडाच्या पानांवरच्या लवेतून येतं ते.

---

पुढच्या_वर्षी_मी

वाचतेय. वय ४८, मलाही करायचंय हे, लिहीत रहा प्लीज.

---

नवखी_वाफ्यात

बापरे किती छान उत्तरं, सगळ्यांचे मनापासून आभार. धनुर्वाताचं लक्षातच आलं नव्हतं, उद्याच जाते. कागदाचं ताईंशी बोलायला धीर गोळा करतेय. @थर्मामीटर ताई, अजून एक, परवा फवारणी होती आणि मला पंपात पाणी ओतायला बोलावलं, मी गेले, मास्क वगैरे काही नव्हतं, आणि दुपारी त्याच प्लॉटमध्ये काकडी बांधायला पाठवलं. हे बरोबर आहे का? जैविक औषध आहे म्हणाले.

---

थर्मामीटर

नाही, बरोबर नाही. जैविक असो नाहीतर रासायनिक, डब्यावर दोन गोष्टी बघा, फवारल्यावर किती वेळाने प्लॉटमध्ये शिरायचं आणि किती दिवसांनी तोडा करायचा. दोन्ही नसेल पाहिलं तर आत जायचं नाही. औषध ओतताना हातमोजे, मास्क, चष्मा, कारण डब्यातलं औषध घट्ट असतं, पंपातल्या पाण्यात मिसळल्यावर पातळ होतं, सगळ्यात जास्त धोका त्या ओतण्याच्या क्षणालाच असतो. नोझल चोंदलं तर तोंडाने फुंकायचं नाही, हे मी दहा वेळा सांगेन कारण दहा वेळा पाहिलंय. वापरलेले कपडे वेगळे धुवा.

---

बांधावरून

थर्मामीटर ताईंना अनुमोदन. अजून दोन गोष्टी जोडतो. फुलं उमललेली असताना मधमाश्या फिरत असतात तेव्हा फवारायचं नाही, वेलवर्गातल्या भाज्यांना मधमाशी नसेल तर फळंच धरत नाही, संध्याकाळी उशिरा फवारा. आणि सोबत कुणी तंबाखू खाणारं किंवा सिगारेट ओढणारं असेल तर साबणाने हात धुतल्याशिवाय टोमॅटो-मिरचीच्या रोपांना हात लावू देऊ नका. टोबॅको मोझॅक नावाचा व्हायरस तंबाखूतून हाताला आणि हातातून रोपाला जातो, नंतर त्याच्यावर औषध नाही. तसंच घेवड्याची पानं दवाने ओली असताना त्यात शिरू नका, ओल्या पानांवरून करपा एका झाडाचा दुसऱ्यावर आपणच नेतो.

स्पीडचं राहिलं होतं. आधी स्पीडचा विचारच करू नका, हात बरोबर पडू द्या. मग हे बघा, कॅरेट किती लांब ठेवलंय? दोन पावलं चालावं लागत असेल तर दिवसात काही किलोमीटर फुकट. दोन्ही हात काम करतायत का एक नुसता टेकवलाय? कापताना नजर पुढच्या रोपावर जायला हवी. आणि तण दोन पानांवर असतानाच काढलं तर हात नुसता फिरवायचा असतो, वीतभर झालं की तेच काम पाचपट. त्या बायका जोरात काम करतात असं नाहीये, त्या कमी हालचाली करतात. तासभर एकीच्या शेजारी बसून फक्त तिचे हात बघा.

---

रोपवाटिका

ट्रे भरणे एका ओळीत उरकलंस म्हणून लिहितेय, कारण निम्मी भाजी तिथेच ठरते असं मला वाटतं :) मी बारा वर्षं रोपं करतेय.

कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आधी भिजवून घ्यायचं, मुठीत दाबल्यावर बोटांमधून एखाद-दोन थेंब यावेत, धार नको. ट्रे भरून जमिनीवर हलका आपटायचा, अंगठ्याने दाबायचं नाही, दाबलं की मुळाला हवा मिळत नाही. बी किती खोल? बियाच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट, त्याहून खोल नाही. मग एकावर एक ट्रे रचून झाकून ठेवायचे आणि *रोज दोनदा उघडून बघायचे*, पहिला कोंब दिसला की त्याच दिवशी पसरायचे. एक दिवस उशीर झाला की रोपं उंच, पिवळी, लुळी होतात आणि ती परत सुधरत नाहीत. पाणी सकाळी द्या, रात्री ट्रे ओला राहिला की मर लागते, रोप बुडाशी काळं पडून आडवं होतं. हे नव्या लोकांकडून फार होतं कारण प्रेमाने जास्त पाणी घालतात.

टोमॅटोचं रोप २५ ते ३० दिवसांत लावणीला येतं, वांगी-मिरचीला ३५ ते ४५. लावायच्या आधी आठवडाभर पाणी कमी करत न्यायचं, हळूहळू बाहेरच्या उन्हात ठेवायचं, म्हणजे रोप काटक होतं. लावण शक्यतो संध्याकाळी.

हिशोब पण शिक. १००० रोपं हवी असतील तर ९८ खणांचे ११ ट्रे लागतात असं वाटेल, पण सगळं बी उगवत नाही, काही रोपं कमजोर निघतात, म्हणून मी १३ भरते. आणि गाजर, मुळा, बीट ट्रेत का नाही करत हे ताईंना विचार. (गाजर-मुळ्याचं सोटमूळ वळलं की खाली फाटे फुटतात. बीटाचं लोक करतात.)

---

एक_हंगाम

हिशोबाचा विषय निघाला म्हणून, मला नंतर दुसऱ्या शेतावर एका काकांनी पाण्याचा हिशोब शिकवला तो इथे देतो, इतका उपयोगी पडला की विचारू नका. एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी म्हणजे एक मिलिमीटर पाऊस. आता वाफा ३० मीटर लांब, ७५ सेंटिमीटर रुंद म्हणजे साडेबावीस चौरस मीटर. त्यावर ड्रिपच्या दोन नळ्या, दर ३० सेंटिमीटरला ड्रिपर, म्हणजे २०० ड्रिपर, एकाचं ताशी २ लिटर म्हणजे तासाला ४०० लिटर. भागा, जवळपास १८ मिलिमीटर ताशी. कडक उन्हाच्या दिवसात वाफ्याला ५-६ मिलिमीटर पुरत असेल तर वीस मिनिटं झाली! आणि मी आधीच्या जागी कॉक उघडून दोन तास विसरायचो. जास्तीचं पाणी खत घेऊन मुळांच्या खाली निघून जातं. अर्थात हा कागदावरचा हिशोब, बोटभर माती उकरून ओल बघायचीच.

वहीत काय लिहायचं ते पण त्यांनीच सांगितलं. पेरणीची तारीख, जात, किती उगवलं, पहिला तोडा कधी, एका वाफ्यातून एकूण किती किलो, आणि *किती तास लागले*. तास कुणी लिहीत नाही. स्वतःची शेती करायची असेल तर कुठल्या भाजीत किती मनुष्यतास जातात हे माहीत नसलं तर काय लावायचं ते ठरवणार कसं?

---

मातीतला_संसार

तासांचं अगदी खरं. मी मटार बंद केला तो याच कारणाने, तोडायलाच सगळा दिवस.

मी वापशाचं सांगते, म्हणजे मातीत काम करण्याजोगी ओल कधी असते त्याचं, कारण पुस्तकी लोकांना ते लवकर कळत नाही. पाऊस झाला किंवा पाणी दिलं की लगेच वाफ्यात अवजार घालायचं नाही. मूठभर माती घेऊन दाबायची, गोळा झाला आणि बोटाने टोचल्यावर फुटला तर वापसा आला, चिकट राहिला तर थांबायचं. एकदा ओल्यात माती तुडवली की पूर्ण हंगाम ढेकळं फोडत बसावं लागतं, मुळं आत शिरत नाहीत. नवख्याला दिवस फुकट चाललाय असं वाटतं, काहीतरी करून दाखवायची इच्छा असते, तेव्हा थांबणं हेच काम असतं. आणि वाफ्यावर पाय द्यायचा नाही, कधीच नाही, चालायचं ते सरीतून.

---

नवखी_वाफ्यात (सात आठवड्यांनी)

उशीर झाला, माफ करा, संध्याकाळी आठला डोळे मिटतात.

कंबर तिसऱ्या आठवड्यात थांबली. कागदाचं बोलले! ताई आधी जरा गप्प झाल्या, मग म्हणाल्या की आजवर कुणी मागितलं नाही म्हणून केलं नाही, आणि दोघींनी मिळून एक पान लिहिलं. त्यात फवारणीच्या दिवशीचं पण आहे, डब्यावरचा वेळ फळ्यावर लिहायचा आणि तोपर्यंत त्या प्लॉटला दोरी बांधायची. बुधवारी संध्याकाळी शेतफेरी सुरू झालीय, दुसरा इंटर्न पण येतो, आणि कायम कामाला असणाऱ्या मावशी पण येतात. खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त मी मावशींकडून शिकले, त्यांनी मला काकडी पानाआड कशी शोधायची ते दाखवलं, एक जरी जून काकडी वेलीवर राहिली तर वेल नवीन धरायची कमी करतो म्हणून त्या प्रत्येक वेल उचलून बघतात. भेंडी एक दिवसाआड तोडायची जबाबदारी आता माझी आहे, रविवारी चुकवली तर मंगळवारी अर्ध्या शेंगा दोरखंडासारख्या, ते एकदा झालं, परत नाही होऊ दिलं.

गाजराच्या त्या दोन मीटरवर ताईंनी दुसऱ्याच दिवशी माझ्याकडून परत बी पेरून घेतलं होतं. वर ओलं गोणपाट टाकलं, रोज उचलून बघत होते, अकराव्या दिवशी उगवलं आणि लगेच गोणपाट काढलं. बाकीच्या वाफ्यापेक्षा ते मागे आहे, लांबूनसुद्धा पट्टा दिसतो. मागच्या आठवड्यात विरळणी केली, म्हणजे दाट रोपं उपटून दोन बोटांचं अंतर ठेवलं. उपटलेली रोपं इतकी बारीक होती तरी वास गाजराचा होता.

एकच विचारायचंय, विरळणी केल्यावर उरलेली काही रोपं आडवी झालीत आणि एक-दोन ठिकाणी गाजराचा खांदा, म्हणजे वरचं टोक, मातीच्या वर दिसतोय. काही करायला हवं का?

---

बांधावरून

हो, सरीतली मोकळी माती हाताने ओढून खांदे झाका, नाहीतर ऊन लागून हिरवे आणि कडसर होतात. माती शेंड्यावर, मधल्या कोंबावर जाऊ देऊ नका. मग हलकं पाणी द्या म्हणजे मुळाभोवती माती बसेल, आडवी झालेली दोन-तीन दिवसांत उभी राहतील. विरळणी पुढच्या वेळी पाणी दिल्यावर, माती मऊ असताना करा, शेजारचं रोप हलत नाही.